हेडमास्तरांच्या गाडीचा हॉर्न

१

हॉर्नचं काम म्हणजे वीस मिनिटांचं काम, असं मिस्त्री गेली सव्वीस वर्षं छाती ठोकून सांगत आला होता. हॉर्नमध्ये बिघडून बिघडणार काय? बॅटरी, फ्यूज, स्टिअरिंगवरचं बटण, बटण दाबलं की टक् करून पुढे करंट सोडणारा रिले नावाचा छोटा डबा, आणि पुढच्या जाळीमागे बसवलेला हॉर्न. एकेक तपासत जायचं, मेलेला सापडला की बदलायचा आणि हात धुऊन चहा प्यायचा. गाड्यांच्या वायरिंगमध्ये याहून सोपं काम नाही, आणि म्हणूनच त्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेलेली होती.

गाडी हेडमास्तरांची. त्यांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण समोर माणूस दिसला की त्यांना अजून वर्ग दिसायचा. सकाळी शटर अर्धंच वर गेलेलं असताना ते वाकून आत शिरले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळे झाले. उद्या दहा वाजता गाडीचं पासिंग आहे. तपासणारा माणूस सगळ्यात आधी हॉर्न दाबतो. हॉर्न वाजला नाही तर गाडी नापास, आणि आपण आयुष्यात कधी नापास झालेलो नाही, हेही त्यांनी जाता जाता ऐकवलं. तासाभरानं या म्हणून मिस्त्रीनं त्यांना वाटेला लावलं.

तासाचे दोन तास झाले. फ्यूज ठणठणीत होता. रिले काढून शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीत घातला, तर तिचा हॉर्न वाजला. तिचा रिले काढून इकडे घातला, तर हा वाजेना. हॉर्न सोडवून थेट बॅटरीला लावला, तेव्हा तो असा कोकलला की समोरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. तोच हॉर्न जागेवर बसवून बटण दाबलं, की गाडी मुकी. मग मिस्त्रीनं बटणात लाकडाची पाचर अडकवली आणि पुढे जाऊन हॉर्नच्या पिनांवर टेस्टरचा बल्ब धरला. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे करंट हॉर्नपर्यंत येत होता, हॉर्न धडधाकट होता, आणि आवाज नव्हता. मिस्त्रीनं गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, सगळं पुन्हा खोललं, पुन्हा पुसलं आणि पुन्हा बसवलं.

चौथ्या खेपेला तो सीटवर जाऊन बसला आणि कामाचा म्हणून नाही, नुसता राग म्हणून त्यानं बटणावर तळहात दाबून धरला. गॅरेजमध्ये कसलाही आवाज झाला नाही. उलट एक आवाज बंद पडला. वरच्या खोलीत सकाळपासून चाललेली शिवणाच्या मशीनची खडखड थांबली होती.

त्यानं हात काढला. जरा वेळानं मशीन पुन्हा सुरू झालं.

२

वरच्या खोलीत त्याची मुलगी गाड्यांची सीट कव्हरं शिवायची. कागदोपत्री नाव वेगळं होतं, घरात सगळे तिला चिऊ म्हणत, आणि एकोणीस वर्षांत तिनं ते एकदाही ऐकलेलं नव्हतं. चिऊ जन्मापासून ठार बहिरी होती. डॉक्टर झाले, कानात घालायची यंत्रं झाली, कुणी सांगितलेले तेलाचे थेंबसुद्धा झाले. मुक्या मुलांच्या शाळेतल्या बाई मुलांचा हात स्वतःच्या गळ्याशी धरून बोलायला शिकवायच्या. तिथं सहा वर्षं घालवून चिऊला ‘आई’, ‘बाबा’ आणि ‘पाणी’ एवढं जमलं होतं, आणि तेही घरच्यांनाच कळेल असं. बाकी सगळं बोलणं हातांच्या खुणांनी, आणि खुणा संपल्या की पुठ्ठ्यावर खडूनं लिहून.

तिला खाली बोलवायचं तर जिन्याशी एक बटण होतं. ते दाबलं की तिच्या मशीनवरचा दिवा उघडझाप करायचा. एकदा म्हणजे खाली ये, दोनदा म्हणजे चहा आलाय. हाक मारून उपयोग नाही म्हणून मिस्त्रीनंच ही सोय केली होती, आणि त्या वायरिंगचा त्याला भारी अभिमान होता.

आता त्यानं गाडीचं बटण पुन्हा दाबलं. मशीन थांबलं. सोडलं, मशीन चालू. त्यानं मुद्दाम शंभरपर्यंत आकडे मोजले आणि मग दाबलं. मशीन थांबलं.

योगायोग, असं तो स्वतःला म्हणाला. मग म्हणाला, जमिनीतून हादरा जात असेल. चिऊला हादरे बरोबर कळायचे, जड ट्रक गल्लीत वळला की ती तळपायावरून सांगायची. पण हादरा बसायला हॉर्न वाजायला तर हवा! न वाजणाऱ्या हॉर्नचा हादरा कसला? स्वतःवरच वैतागत तो जिना चढला.

खोली नेहमीसारखीच होती. भिंतीला टेकून रेक्झिनचे गुंडाळे, जमिनीवर फोमच्या कातरणांचा ढीग, मागच्या बाजूला माल दोरानं वर ओढून घ्यायची मोठी खिडकी. तिचा उंबरा गुडघ्याएवढाच होता आणि तिला गज नव्हते, म्हणून एरवी ती आडणा लावून बंद असायची. आत्ताही बंद होती. चिऊ मशीनकडे पाठ करून बसली होती, हात मांडीवर होते आणि मान किंचित एका बाजूला कललेली होती. मिस्त्री दारातच थांबला. तशी कललेली मान त्यानं सगळ्या जगाची पाहिली होती, फक्त चिऊची कधी पाहिली नव्हती. ती कान देऊन ऐकत होती.

त्याला पाहून ती उठली, तिनं बोट कानाला लावलं आणि तळवा उताणा केला. हे काय आहे?

मिस्त्रीला हुंदका आला, तो त्यानं खोकल्यात घालवला. त्यानं हवेत तळहात दाबून दाखवला, जणू समोर स्टिअरिंग आहे. मग खालच्या गाडीकडे बोट केलं आणि शेवटी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तो हॉर्न आहे, मीच वाजवतोय, घाबरू नकोस. चिऊनं तीच खूण करून पाहिली, हवेत तळहात दाबला आणि मान डोलावली. हॉर्न.

३

मिस्त्री देवभोळा वगैरे नव्हता. वायरीत करंट आहे की नाही हे टेस्टर सांगतो, माणसाचं मन सांगत नाही, असं तो मानायचा. म्हणून त्यानं चिऊचीही नीट तपासणी करायची ठरवली. तिला फोमच्या जाड गादीवर पाय वर घेऊन बसवलं, म्हणजे जमिनीचा हादरा लागायला नको. तोंड भिंतीकडे. दिव्याची वायर काढून टाकली. हाताशी पुठ्ठा, खडू आणि घड्याळ. खाली येऊन तो वाटेल तेव्हा हॉर्न दाबायचा आणि वेळ कागदावर लिहायचा. कधी लगोलग दोनदा, कधी दहा मिनिटं काहीच नाही.

बारा वेळा दाबून तो वर गेला आणि कागद पुठ्ठ्याशेजारी ठेवला. बाराच्या बारा वेळा जुळल्या.

एक वाजता बायको जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा मिस्त्री गाडीच्या बोनेटला टेकून रडत होता. तिला वाटलं, कुणीतरी गेलं. खरं काय ते त्यानं सांगितल्यावर तिचा विश्वास बसेना, उलट तिला रागच आला. असल्या गोष्टींची थट्टा करतात का, म्हणाली. मग ती स्वतः सीटवर बसली, पदर सावरून तिनं बटणावर अंगठा ठेवला आणि वर छताकडे पाहत तो दाबला. खडखड थांबली. तिनं अंगठा काढला, पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, आणि शेवटी ती तिथंच स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसून राहिली.

डबा तसाच राहिला. दोघांनाही भूक नव्हती. तेवढ्यात हेडमास्तर आले आणि छडी विसरलेल्या माणसासारखे हात पाठीमागे घेऊन झालं का, झालं का करायला लागले. मिस्त्री नाही म्हणाला. हेडमास्तरांनी त्याच्या वीस मिनिटांची आठवण करून दिली. एरवी मिस्त्रीनं चार शब्द सुनावले असते, पण आज त्याचं लक्षच नव्हतं. गाडी राहू द्या, उद्याचं उद्या बघू, असं तो पुटपुटला. त्यावर हेडमास्तर ताडकन म्हणाले की पाच वाजता येतो, झालेली असो वा नसो, गाडी घेऊन जातो, दुसरा कुणीतरी बघेल.

ते गेल्यावर बायको म्हणाली, “ही गाडी द्यायची नाही.”

“अगं, लोकांची गाडी आहे.”

“तुम्ही ती दुरुस्त केलीत आणि मग चिऊला ऐकू यायचं थांबलं तर?”

सकाळपासून मिस्त्रीही मनात हेच म्हणत होता. आयुष्यभर ज्या बिघाडांच्या मागे लागला, त्यातला हा एकच बिघाड त्याला हवा होता, आणि तो कशात आहे हेच त्याला सापडत नव्हतं. सापडला असता तर त्यानं तो काढून घेऊन जपून ठेवला असता. त्या चिडचिडीत त्यानं पान्हा आपटला आणि स्वतःचंच बोट चेचून घेतलं.

४

जेवणाची वेळ टळून गेल्यावर बायकोनं खाली हॉर्न दाबायचा आणि मिस्त्रीनं वर लेकीजवळ बसायचं, असं ठरलं. त्याला तिचं ऐकणं डोळ्यांनी बघायचं होतं. चिऊ पुठ्ठा घेऊन बसली. मान कलायची, चेहरा उजळायचा, आणि ती खडूनं एक रेघ ओढायची. मिस्त्री हावरटासारखा बघत राहिला. मध्येच त्यानं विचारलं, कुठून येतो? गाडी बरोब्बर तिच्या पायाखाली उभी होती. चिऊनं खाली नाही, मागच्या खिडकीकडे बोट केलं. बिचारीला दिशा कळत नाही, कानांना सवय कुठे आहे, असं मिस्त्रीला वाटलं आणि त्याला पुन्हा भरून आलं.

अर्ध्या तासानं त्यानं जिन्यात येऊन खाली ओरडून विचारलं, किती वेळा दाबलंस?

“सहा,” बायको म्हणाली.

पुठ्ठ्यावर नऊ रेघा होत्या.

तू चुकलीस मोजायला, असं तो बायकोला म्हणाला. सहापर्यंत मोजायला मला हेडमास्तर लागत नाहीत, असं तिनं फटकारलं. मग बटण अडकत असेल, सोडल्यावरही आतल्या आत चिकटून राहत असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. होतं असं जुन्या बटणांचं. ती कोपऱ्यातल्या नळावर पाणी भरायला गेली, तेवढ्यात त्यानं सरळ हॉर्नचा फ्यूजच उपटला आणि शर्टाच्या खिशात टाकला. आता बटण चिकटो नाहीतर तुटून पडो, हॉर्नला करंट मिळायची सोय राहिली नव्हती. तो टायरवर बसला आणि वाट बघू लागला.

मशीन चालू होतं. कोपऱ्यात नळाचं पाणी पडत होतं. गल्लीतून कुणीतरी सायकल ढकलत गेलं.

मशीन थांबलं.

मिस्त्रीनं खिसा चाचपला. फ्यूज खिशातच होता. दोरा तुटला असेल, बॉबीन संपली असेल, मशीन थांबायला हजार कारणं असतात. मशीन पुन्हा चाललं आणि पुन्हा थांबलं, आणि या वेळी बराच वेळ थांबून राहिलं. तो उठून वर गेला.

चिऊचं स्टूल मशीनपाशी नव्हतं. ते खोलीच्या पार मागच्या टोकाला होतं. आडणा काढून तिनं भिंतीला टेकवून ठेवला होता, खिडकी सताड उघडी होती आणि उंबऱ्याला गुडघे लावून ती बाहेर बघत बसली होती. मिस्त्रीनं तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. मागचं रिकामं आवार, गंजलेलं एक इंजिन, पलीकडे भिंत. दुपारचं ऊन. बाकी कुणी चिटपाखरूही नव्हतं. खाली फरशी होती, आणि ती बरीच खाली होती.

त्यानं तिला मागे ओढलं, खिडकी लावली आणि रागारागानं खुणा केल्या. इथं बसायचं नाही, पडशील, अक्कल नाही का? चिऊनं त्याच्या चेहऱ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग हवेत तळहात दाबला, त्याच्या छातीकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या. हॉर्न. तुम्हीच ना?

खिशातला फ्यूज मिस्त्रीला शर्टाच्या कापडातून टोचत होता. एवढ्या वर्षांत त्यानं तिला कुठल्याच गोष्टीचा खोटा अर्थ सांगितला नव्हता. पण तिला घाबरवून काय मिळणार होतं? आणि तो सांगणार तरी काय होता?

त्यानं छातीवर हात ठेवून मान डोलावली. हो, मीच.

चिऊ हसली आणि निर्धास्त होऊन कामाला लागली.

५

फ्यूजचं तो बायकोला बोलला नाही. ती एवढी खुशीत होती की मध्येच गुणगुणत होती, आणि मिस्त्रीला त्या गुणगुणण्याचाही राग येत होता. राग कुणावर काढावा ते मात्र त्याला कळत नव्हतं. वर मशीन थांबायचं, चालायचं, थांबायचं. थांबण्याच्या वेळा आता लांबत चालल्या होत्या. बायको खाली बसून भाजी निवडत होती आणि गाडीत कुणीही नव्हतं. तिच्या ते लक्षातच आलं नाही.

बरोबर पाच वाजता हेडमास्तर हजर झाले. मिस्त्रीनं ठरवून टाकलं होतं की ही गाडी आता डोळ्यांसमोरून जाऊ द्यायची. त्यानं फ्यूज जागेवर बसवला, किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि कबूल केलं की काम झालेलं नाही, आपण हात टेकले. बायकोनं त्याचा शर्ट मागून ओढला. हेडमास्तर मुकाट्यानं सीटवर बसले, चष्मा सारखा केला आणि सवयीनं बटण दाबून पाहिलं.

हॉर्न वाजला.

असा दणदणीत वाजला की गॅरेजच्या पत्र्याला कंप सुटला आणि बायकोच्या हातातलं ताट खाली पडलं. हेडमास्तरांना वाटलं, मिस्त्रीनं थट्टा केली. ते कधी नव्हे ते हसले आणि म्हणाले, “पास!”

मिस्त्री वर बघत होता. छतापलीकडे मशीन चालू होतं. एकसारखं, न अडखळता, सरळ शिवणीवर चालतं तसं.

“सर, पुन्हा दाबा,” तो म्हणाला. “जरा जास्त वेळ.”

हेडमास्तरांनी हौसेनं दाबून धरला. शेजारचा दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला. कानठळ्या बसत होत्या. वर मशीन क्षणभरही थांबलं नाही. बायको मिस्त्रीकडे बघायला लागली आणि तिच्या चेहऱ्यावरचं दिवसभराचं हसू हळूहळू उतरत गेलं. तिला वाटलं, गेलं, ऐकणं गेलं. झाली दुरुस्त गाडी. तिनं डोळ्यांना पदर लावला.

मिस्त्रीला मात्र दुसरंच काहीतरी दिसायला लागलं होतं आणि ते त्याला बघायचं नव्हतं. हेडमास्तर गाडी मागे घेऊन निघाले, कोपऱ्यावर वळताना त्यांनी उगाचच एकदा हॉर्न दिला, आणि मग गाडीचा आवाज विरला. गॅरेजमधली जागा रिकामी झाली. जमिनीवर तेलाचा एक डाग उरला होता.

वर मशीन थांबलं.

६

दोघंही धावली. जिन्यात बायको साडीत पाय अडकून पडली, पण तो थांबला नाही. चिऊ खिडकीत होती. एक पाय उंबऱ्यावर, एक हात चौकटीला, आणि कमरेपासून वरचं सगळं अंग बाहेर. मान कललेली. मिस्त्रीनं तिला कमरेला धरून आत खेचलं, ती दोघंही फोमच्या ढिगात कोसळली. चिऊ चिडली. तिनं त्याचे हात झटकले, हवेत तळहात दाबला आणि खिडकीकडे बोट दाखवलं. हॉर्न वाजतोय. ऐकू दे की.

त्यानं खुणांनी सांगितलं, गाडी गेली. हॉर्न गाडीबरोबर गेला. आता हॉर्न नाही.

चिऊनं जोरानं मान हलवली. आहे.

बायको खुरडत आत आली आणि भिंतीला धरून उभी राहिली. तिला फ्यूजचं ठाऊक नव्हतं, रेघांचं ती विसरून गेली होती, पण आईच ती. धापा टाकत ती म्हणाली, “तिला विचारा ना, कसा आवाज आहे तो.”

मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिला. सकाळपासून हा प्रश्न कुणाला सुचलाच नव्हता. चिऊनं विचारलं की हे काय, आणि त्यानं सांगितलं की हॉर्न. तो स्वतः काही ऐकत नव्हता, तिला ऐकू येतंय म्हणजे हॉर्न वाजतोय असं धरून चालला. आणि तिनं जन्मात हॉर्न ऐकलेला नव्हता, बाप म्हणतो म्हणून तिनं त्याला हॉर्न म्हटलं. दोघांनी एकमेकांच्या भरवशावर दिवस काढला होता.

त्यानं विचारलं. आवाज. कसा? दाखव.

चिऊ विचारात पडली. पुठ्ठा उचलला, खाली ठेवला. हे लिहून दाखवण्यासारखं नव्हतं. मग तिला शाळा आठवली असावी, कारण तिनं बापाचा तेलकट हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला, त्या बाई ठेवायच्या तसा. डोळे मिटून मान जराशी कलती केली आणि जे ऐकू येत होतं ते जसंच्या तसं बोलून दाखवलं.

‘पाणी’ म्हणताना जिचा घसा खरवडून निघायचा, तिच्या तोंडातून स्वच्छ, सावकाश, समजूत घातल्यासारखे शब्द आले.

“अजून पुढे ये. घाबरू नकोस. बाबांनीच सांगितलंय ना तुला?”

आवाज पुरुषाचा नव्हता आणि बाईचाही नव्हता. मिस्त्रीला आपल्या बोटांखाली तिच्या गळ्याची थरथर लागायला हवी होती. गळा स्थिर होता.

चिऊनं डोळे उघडले. आपण काय बोललो याचा तिला पत्ताही नव्हता. बरोबर म्हटलं का, अशा नजरेनं ती आधी बापाकडे आणि मग आईकडे बघायला लागली, शाबासकीची वाट बघत. आईनं तोंडात पदर कोंबला होता. मिस्त्री नाही, नाही अशी मान हलवत राहिला. मी नाही, तो मी नव्हेच, असं सांगायला तो छातीवर हात नेऊ लागला आणि मध्येच थांबला. छातीवर हात ठेवण्याचा अर्थ आज दिवसभर ‘मीच’ असा झालेला होता, आणि तो त्यानंच तिला शिकवला होता.

चिऊचं लक्ष आता त्याच्याकडे नव्हतं. तिची नजर खिडकीवर होती. मग ती खिडकीवरून सरकली. फोमच्या ढिगावरून, मशीनवरून, रेक्झिनच्या गुंडाळ्यांवरून ती हळूहळू खोलीच्या आत आली आणि आईच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर थांबली. चिऊ ओळखीचं हसली.

मिस्त्रीनं कान टवकारले. बायकोनंही श्वास रोखला. धडधाकट कानांची ती दोघं, आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

तो पुढे झाला आणि त्यानं लेकीचे दोन्ही कान आपल्या तळहातांनी गच्च झाकले. बायको कशीबशी त्याच्यापर्यंत पोचली आणि तिनं त्याच्या हातांवर आपले हात दाबले. ज्या कानांसाठी एकोणीस वर्षं त्यांनी डॉक्टरांचे उंबरे झिजवले होते, ते कान दोघं सगळा जीव एकवटून दाबत होती, आणि बायको रडत रडत एकच म्हणत होती, नको ऐकूस गं, चिऊ, नको ऐकूस.

चिऊला आईचे ओठ हलताना दिसत होते, पण तिनं तिकडे पाहिलं नाही. त्या चार हातांच्या आत तिचं डोकं हळूच एका बाजूला कललं आणि ती ऐकत राहिली.